कन्सोलचा शूटर पीसीवर: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर कसा बसवायचा

कन्सोलसाठी (एक्सबॉक्स, प्लेस्टेशनसारख्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी) घडवलेला शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, पीसीवर नीट चालतो का, हे ग्राफिक्सवरून कळत नाही, हाताला कळतं. कंट्रोलरची स्टिक गेमला सांगते की किती वेगाने वळायचं. माऊस सांगतो की किती वळायचं. सगळा घोळ या एका फरकातून निघतो. स्टिक पूर्ण कलवली तरी पात्र एका ठरलेल्या वेगापुढे वळत नाही. मधोमध थोडी जागा अशी असते की तिथे स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो, तो डेडझोन. अंगठ्याने बारीक नेम धरणं कठीण, म्हणून गेम गुपचूप हात देतो: क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, शत्रूवर आला की वळण्याचा वेग मंदावतो, थोडी बाजूने गेलेली गोळीही लागते. या मदतीला एम-असिस्ट म्हणतात. शत्रूंचा वेग, त्यांचं अंतर, ते किती गोळ्यांत पडतात, हे सगळं याच हिशेबाने ठरलेलं असतं.

२००१ साली एक्सबॉक्सवर आलेला ‘हेलो’ हे याचं ठळक उदाहरण. एका वेळी दोनच शस्त्रं, आपोआप भरून येणारं कवच, चिकट नेम. २००३ मध्ये तो पीसीवर आला तेव्हा माऊसने खेळणाऱ्यांना तो चांगला लागला, पण चित्रात काही इफेक्ट चुकीचे उतरले होते. २०११ ची सुधारित आवृत्ती त्याच पीसी पोर्टवर (पोर्ट म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी उतरवलेली आवृत्ती) बांधली गेल्याने त्या चुका पुढेही चालत राहिल्या आणि ‘मास्टर चीफ कलेक्शन’ या ‘हेलो’ संचाच्या पॅचमधून (नंतर दिलेल्या दुरुस्तीतून) बऱ्याच वर्षांनी दुरुस्त झाल्या. दुसऱ्या टोकाला २००७ चा ‘रेसिडेंट ईव्हिल ४’. त्या पीसी आवृत्तीत माऊसने नेम धरायची सोयच नव्हती आणि पडद्यावर कोणतं बटण दाबायचं ते कीबोर्डच्या नव्हे, तर आकड्यांच्या भाषेत सांगितलं जायचं. खेळ तोच, उत्तम. पोर्ट मात्र निव्वळ फाईल नकलून टाकल्यासारखा.

तेव्हा प्रश्नाचं खरं उत्तर असं: माऊसचं इनपुट, दृश्याचा कोन (पडद्यावर एकदम किती रुंद दिसतं) आणि फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं) या तीन गोष्टी पीसीसाठी नव्याने बांधल्या असतील तर कन्सोलचा शूटर पीसीवर नुसता चालत नाही, मूळपेक्षा चांगला होतो. ‘डेस्टिनी २’ सप्टेंबर २०१७ मध्ये कन्सोलवर ३० फ्रेमला बांधलेला आला. ऑक्टोबरमध्ये पीसीवर आला तो फ्रेमची मर्यादा नसलेला, कोन ५५ ते १०५ अंशांत बदलता येणारा. दोन्ही शेजारी खेळून बघितले तर दोन वेगळे गेम वाटतात.

पैसे देण्याआधीची दहा मिनिटं

पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर त्या गेमचं पान उघडा. तिथल्या तक्त्यात पाच ओळी शोधा: माऊस अ‍ॅक्सेलरेशन (माऊस जितका झटक्यात, तितकं वळण जास्त) बंद करता येतं का, कळा बदलता येतात का, दृश्याचा कोन बदलता येतो का, फ्रेमची कमाल मर्यादा किती, आणि गेम सुरू व्हायला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाखेरीज कुठलं वेगळं खातं लागतं का. पहिल्या तीनपैकी दोन ठिकाणी ‘नाही’ असेल आणि खाली चाहत्यांनी केलेला उपायही दिसत नसेल, तर माऊसने खेळण्यासाठी तो गेम घेऊ नका. कंट्रोलरने खेळणार असाल तर गोष्ट वेगळी. ते पुढे येईल.

पाचव्या ओळीकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. ‘गिअर्स ऑफ वॉर’ नोव्हेंबर २००७ मध्ये पीसीवर आला. त्याचं डिजिटल प्रमाणपत्र २८ जानेवारी २००९ ला संपलं आणि त्या दिवशी विकत घेतलेला, डिस्क हातात असलेला गेम सुरूच होईना. पॅच येईपर्यंत लोक कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेऊन खेळत होते. त्या काळच्या अनेक पोर्टना ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ ही मायक्रोसॉफ्टची सेवा लागायची. तिचं दुकान २०१३ मध्ये बंद झालं. असे जुने गेम आजच्या विंडोजवर सुरू करताना अडतात किंवा सेव्ह करू देत नाहीत. म्हणून २००७ ते २०१३ मधला पोर्ट सेलमध्ये स्वस्त दिसला, तर आधी त्याच्या वर्णनात ही सेवा काढून टाकल्याचं लिहिलं आहे का ते बघा.

ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचा आकडाही इथेच तपासा. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत सामाईक असते. पीसीत रॅम वेगळी आणि कार्डवरची व्हीरॅम वेगळी. कन्सोलवर एका जागी पडून असलेला माल पीसीत दोन गोदामांत ठेवावा लागतो आणि त्यांच्यामध्ये ने-आण करावी लागते. २०२० नंतरच्या कन्सोलवरून आलेल्या गेमला ४ जीबीच्या कार्डवर फक्त ‘लो’ टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) धरून चला. ६ जीबीवर ‘मीडियम’. ८ जीबीवर १०८०पीला ‘हाय’ची आशा ठेवा, पण खात्री नव्हे.

पहिली सुरुवात आणि परताव्याचं घड्याळ

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गेम नुसता उघडा ठेवला तरी ते तास मोजले जातात. ही बाब कन्सोल पोर्टच्या बाबतीत फार महागात पडते, कारण पहिल्या वेळी शेडर तयार होत असतात.

शेडर म्हणजे उजेड, सावली, ओलं लाकूड, धूर वगैरे रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डला दिलेले छोटे प्रोग्रॅम. कन्सोलमध्ये कार्ड एकच, त्यामुळे ते गेमबरोबरच तयार होऊन येतात. पीसीवर कोणाचं कार्ड कुठलं, ड्रायव्हर कुठला, हे आधी माहीत नसतं. म्हणून ते तुमच्याच मशीनवर तयार करावे लागतात. चांगला पोर्ट हे काम मेन्यूतच उरकतो. वाईट पोर्ट ते खेळताना करतो: दार उघडलं, पहिला स्फोट झाला, की पाव सेकंद सगळं गोठतं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा हे काम मेन्यूत होत होतं, पण अनेक मशीनवर त्याला इतका वेळ लागत होता की परताव्याच्या दोन तासांचा मोठा तुकडा त्यातच जायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा, कारण ड्रायव्हर बदलला की तयार शेडर बाद होतात आणि काम पुन्हा पहिल्यापासून. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘शेडर कॅश साइज’ १० जीबी करा. मग गेम सुरू करा, शेडर पूर्ण होऊ द्या, मध्ये बंद करू नका. घड्याळ बघून ठेवा: शेडरला ४० मिनिटं गेली तर तपासणीला तुमच्याकडे ८० उरली. खालची माऊसची आणि फ्रेमची तपासणी पाऊण तासात होते. कथेची सुरुवातीची दृश्यं बघण्यात तो वेळ घालवू नका.

माऊस: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आधी विंडोजचं घर आवरा. सेटिंग्जमध्ये माऊसच्या पानावरून ‘अ‍ॅडिशनल माऊस सेटिंग्ज’, तिथे ‘पॉइंटर ऑप्शन्स’, आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’समोरची खूण काढा. पॉइंटरच्या वेगाची पट्टी मधोमध, म्हणजे अकरापैकी सहाव्या खुणेवर. माऊस ८०० डीपीआयवर (इंचाला ८०० पावलं) ठेवा. गेममध्ये ‘रॉ इनपुट’ (माऊसचे आकडे थेट गेमला) असेल तर चालू, ‘माऊस स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणं) आणि ‘अ‍ॅक्सेलरेशन’ बंद, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालाशी बांधणं) बंद. आता मोकळ्या जागेत, शत्रू नसताना पुढच्या चाचण्या करा. मोजपट्टी लागेल.

पहिली चाचणी परतीची. माऊसच्या डाव्या बाजूला टेबलावर एखादं जाड पुस्तक ठेवा आणि माऊस त्याला टेकवा. क्रॉसहेअर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर आणा. माऊस उजवीकडे २० सेंमी अगदी सावकाश न्या आणि झटक्यात परत पुस्तकाला टेकवा. क्रॉसहेअर त्याच खुणेवर आला पाहिजे. खुणेच्या पलीकडे, म्हणजे डावीकडे जास्त गेला, तर अ‍ॅक्सेलरेशन चालू आहे. खुणेपर्यंत पोचलाच नाही, तर उलटा दोष आहे: गेमने स्टिकची कमाल वळण्याची मर्यादा माऊसलाही लावली आहे. माऊसची हालचाल मोजून स्टिकच्या भाषेत बदलणाऱ्या पोर्टची ही पक्की खूण.

उलट्या दोषावर एक उपाय करून बघण्यासारखा आहे. माऊसचा डीपीआय ४०० वर आणा आणि गेमची सेन्सिटिव्हिटी (माऊसच्या हालचालीला किती वळण) दुप्पट करा. मर्यादा एका फ्रेममधल्या माऊसच्या पावलांवर असेल, तर पावलं निम्मी झाल्याने दोष कमी होतो. मर्यादा अंशांवर असेल तर काही फरक पडणार नाही. तेव्हा चाहत्यांचा पॅच शोधा, तो नसेल तर कंट्रोलर किंवा परतावा. तिसरा मार्ग नाही आणि ‘सवय होईल’ असं स्वतःला समजावू नका. एकाच झटक्याला दरवेळी वेगळं वळण मिळत असेल तर हात कधीच बसत नाही.

दुसरी चाचणी आडव्या-उभ्याची. बऱ्याच पोर्टमध्ये वर-खाली हालचाल आडवीपेक्षा मंद असते, कारण स्टिकवर तसंच सोयीचं पडतं. जवळच्या भिंतीसमोर उभे राहा. एक गोळी झाडा, माऊस बरोबर ३ सेंमी उजवीकडे न्या, दुसरी झाडा. परत पहिल्या जागी येऊन ३ सेंमी वर न्या, तिसरी झाडा. भिंतीवरच्या खुणांमधली दोन्ही अंतरं जवळपास सारखी हवीत. उभं अंतर कमी भरलं तर सेटिंगमध्ये उभ्या सेन्सिटिव्हिटीची वेगळी पट्टी शोधा. ती नसेल तर सेटिंगच्या फाईलमध्ये सहसा दोन वेगळे आकडे सापडतात.

तिसरी चाचणी सगळ्यात नाजूक: माऊस इतका हळू सरकवा की सेकंदाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाईल. क्रॉसहेअर त्याच्याबरोबर सरकला पाहिजे. तो थांबून थांबून उडी मारत असेल किंवा हलतच नसेल, तर डेडझोन माऊसला लागला आहे. लांबच्या शत्रूवर नेम धरताना हा दोष जीव घेतो. काही गेममध्ये कंट्रोलरच्या पानावरचा डेडझोन शून्य केला की माऊसही सुधारतो, म्हणून आधी तेच करून बघा.

क्रॉसहेअर रबराला बांधल्यासारखा मागून येत असेल, तर बहुतेक वेळा गुन्हेगार व्ही-सिंक असतो. २००८ च्या ‘डेड स्पेस’मध्ये गेमचं स्वतःचं व्ही-सिंक चालू ठेवलं की फ्रेम ३० वर अडकायच्या आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा व्हायचा. ते गेममध्ये बंद करून ड्रायव्हरमधून चालू केलं की तोच गेम खेळण्याजोगा होतो. जुन्या पोर्टसाठी हा उपाय पहिला करून बघा. माऊस हलवताना चित्रच तुटक होत असेल, तर माऊसचा पोलिंग रेट (तो सेकंदाला किती वेळा हालचाल कळवतो) १००० वरून ५०० किंवा २५० हर्ट्झवर आणा. जुन्या इंजिनांना, म्हणजे गेम ज्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरला, सेकंदाला हजार निरोप झेपत नाहीत.

अनरिअल इंजिन ३ वर बांधलेल्या त्या पिढीतल्या गेममध्ये स्मूदिंग मेन्यूत दिसत नसलं तरी इनपुटच्या सेटिंग फाईलमध्ये असतं. डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये गेमच्या नावाखाली बघा. फाईल नोटपॅडमध्ये उघडा, माऊस स्मूदिंगच्या ओळीत ‘ट्रू’च्या जागी ‘फॉल्स’ लिहा. आधी मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा, आणि बदल केल्यावर फाईल ‘रीड-ओन्ली’ करा, नाहीतर पुढच्या वेळी गेम ती पुन्हा लिहून टाकतो. २०११ च्या ‘बुलेटस्टॉर्म’ने या फाईलच कुलूपबंद केल्या होत्या आणि लोकांना ते उघडायचं साधन बनवावं लागलं. ऑनलाइन गेममध्ये मात्र फाईलींना आणि बाहेरच्या पॅचना हात लावण्याआधी नियम वाचा. चीट पकडणारी यंत्रणा हेतू विचारत नाही, खातं बंद करते.

आता सेन्सिटिव्हिटी. अंदाजाने पट्टी सरकवण्यापेक्षा मोजा: पूर्ण गोल वळायला माऊस किती सेंमी न्यावा लागतो? शूटरला ३० ते ४० सेंमी हा बहुतेक हातांना जमणारा टप्पा. ८०० डीपीआयला ४० सेंमी म्हणजे सुमारे १२,६०० पावलं, म्हणजे दर पावलाला ०.०३ अंशांहून कमी. १०८०पीवर कोन ६० अंश असताना पडद्याच्या मध्यावरचा एक ठिपकाही साधारण तेवढाच असतो. म्हणून डीपीआय ४०० करून गेमची पट्टी वाढवली की नेम ठिपक्या-ठिपक्याने न सरकता दोन-दोन ठिपक्यांनी उडतो. वर सांगितलेला अडकलेल्या मर्यादेचा अपवाद सोडला तर ८०० ठेवून गेमची पट्टीच खाली आणणं बरं. पोर्टमध्ये पट्टीचं सगळ्यात खालचं टोकही फार वेगवान निघालं, तरच डीपीआय कमी करा.

दृश्याचा कोन

दिवाणखान्यात ४३ इंची टीव्हीपासून अडीच मीटरवर बसलं तर पडदा डोळ्यांसमोर सुमारे २२ अंश व्यापतो. टेबलावर ६० सेंमीवर ठेवलेला २४ इंची मॉनिटर ४८ अंश व्यापतो. कन्सोलवर ६०-६५ अंशांचा कोन खपून जातो. तोच कोन टेबलावर दुर्बिणीतून बघितल्यासारखा वाटतो. काहींना अर्ध्या तासात मळमळतं. कन्सोलवर कोन अरुंद ठेवण्याला दुसरं कारण ताकदीचं. एक्सबॉक्स ३६० मध्ये सगळी मिळून ५१२ एमबी मेमरी होती. कडेला कमी दिसलं की कमी रंगवावं लागायचं. पीसीवर ते कारण उरत नाही, तरी २००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’मध्ये पीसीवरही कोन ६५ वर खिळलेला होता.

२४ ते २७ इंची मॉनिटरवर पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या शूटरला आडवा ९० अंश ही चांगली सुरुवात. पात्र मागून दिसणाऱ्या गेमला ७५ ते ८५. अडचण अशी की पट्टीवर लिहिलेला आकडा नेहमी आडव्या कोनाचा नसतो. काही गेम उभा कोन लिहितात: उभा ५९ म्हणजे १६:९ वर आडवा ९०. काही अजून जुन्या ४:३ पडद्याचा आकडा लिहितात: तिथले ९० म्हणजे आजच्या पडद्यावर १०६. म्हणून खरा कोन मोजून घ्या. पूर्ण गोलाला ४० सेंमी लागत असतील, तर क्रॉसहेअर एका खांबावर आणा आणि खांब पडद्याच्या अगदी कडेला जाईपर्यंत माऊस सरकवा. ५ सेंमी भरले तर कोन ९०. ३.६ सेंमी भरले तर ६५. सेंमीला १८ ने गुणा, बस. हे माप पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये बरोबर येतं. मागून दिसणाऱ्या गेममध्ये कॅमेरा पात्राभोवती फिरतो, तिथे लांबचा खांब निवडा.

कोन वाढवल्यावर दोन गोष्टी तपासा. नेम धरण्यासाठी बंदूक डोळ्याला लावली की चित्र जवळ येतं; तेव्हाची सेन्सिटिव्हिटी वेगळी ठरवता येते का? येत असेल तर कोनाच्या प्रमाणात बदलणारा पर्याय निवडा. आणि पडद्याच्या कडेला भिंती किंवा माणसं अचानक उगवतात का? मूळ अरुंद कोनासाठी कडेच्या वस्तू लपवून ठेवलेल्या असतील तर तसं होतं. मग पाच-पाच अंशांनी खाली या, उगवणं थांबेल तिथे थांबा. ‘मास्टर चीफ कलेक्शन’मध्ये १२० पर्यंत जाता येतं, पण कोन रुंदावला की दूरचा शत्रू बारीक होतो. ९५-१०० च्या पुढे जाण्यात आम्हाला फायदा दिसत नाही.

फ्रेम: जास्त नव्हे, सारख्या

३० फ्रेम म्हणजे एका चित्राला ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७, १४४ म्हणजे ६.९. माऊसला ३० चा उशीर झोंबतो, स्टिकला तितका नाही. म्हणून ३० ला बांधलेला पोर्ट कंट्रोलरवर चालून जातो आणि माऊसवर असह्य होतो. रिव्हाट्यूनर हे फुकट साधन लावा आणि सरासरी आकड्याऐवजी फ्रेमच्या वेळेची रेघ बघा. रेघ सपाट हवी. ९० सरासरी असून दर दोन सेकंदाला काटा उसळत असेल, त्यापेक्षा सपाट ६० कितीतरी चांगले. बदलत्या रिफ्रेश रेटचा (फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेणारा) मॉनिटर असेल तर मर्यादा त्याच्या आकड्याहून थोडी खाली ठेवा: १४४ ला १४१. साधा ६० हर्ट्झचा असेल तर ६० ला बांधा.

मर्यादा पूर्ण काढण्याआधी सावध राहा. कन्सोलवर फ्रेमचा वेग ठरलेला असल्याने काही गेमचे हिशेब सेकंदावर नव्हे, तर फ्रेमवर बांधलेले असतात. २०१७ मध्ये पीसीवर आलेल्या ‘व्हॅन्क्विश’मध्ये फ्रेम वाढल्या की खेळाडूला होणारी इजाही वाढत होती, पुढे पॅच आला. २०१९ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’मध्ये याच्या उलट, जास्त फ्रेमला चाकूचा वार जास्त लागायचा. अनरिअल ३ च्या बऱ्याच गेममध्ये फ्रेम ६२ वर अडतात. इंजिनच्या फाईलमध्ये फ्रेम सपाट करणारी ओळ बंद करून ते सुटतं. सोडवल्यावर अर्धा तास खेळून दारं, लिफ्ट, उडी आणि शत्रूचा मार बघा. विचित्र काही दिसलं तर परत ६० ला बांधा आणि तसंच खेळा.

चित्र झटके खात असेल तर सगळ्या सेटिंग एकदम खाली आणू नका. आधी टेक्स्चर एक पायरी खाली. झटके थांबले तर व्हीरॅम भरत होती. थांबले नाहीत तर प्रोसेसर बघा. प्लेस्टेशन ५ मध्ये साठवलेला माल उलगडायला वेगळी चिप असते. पीसीत ते काम बहुधा प्रोसेसर करतो. म्हणूनच ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’मध्ये सुरुवातीला चांगले प्रोसेसरही शंभर टक्क्यांना भिडत होते. तिथे रिझोल्युशन कमी करून काही साधत नाही. गर्दीची घनता आणि दूरचा तपशील कमी करा, फ्रेम ६० ला किंवा त्याखाली बांधा, गेम एसएसडीवर ठेवा. त्या गेममध्ये माऊसने फिरवताना कॅमेरा थरथरायचा, तो दोषही पॅचमध्ये गेला. अशा गेमना प्रकाशनानंतर तीन-चार महिने थांबणं हाच स्वस्त उपाय.

कळा, आणि कंट्रोलर कधी धरावा

कंट्रोलरला बटणं मोजकी, त्यामुळे एका बटणावर चार कामं लादलेली असतात. ‘गिअर्स’मध्ये धावणं, आडोशाला चिकटणं, लोळणं, भिंत ओलांडणं, सगळं एकाच बटणावर. कीबोर्डवर ते तसंच उतरलं की धावत सुटायला जावं आणि पात्र खांबाला चिकटावं. गेम वेगळ्या कळा देत असेल तर लोळणं माऊसच्या बाजूच्या बटणावर टाका, धावणं शिफ्टवर राहू द्या. शस्त्रांचं चक्र असेल तर १ ते ४ वर थेट शस्त्र मिळतं का बघा. चक्र उघडून माऊसने निवडणं लढाईत फार हळू पडतं. ‘दाबून धरा’चे पर्याय एकेक करून ‘एकदा दाबा’वर आणा. सूचना पडद्यावर कंट्रोलरच्याच चिन्हांत दिसत असतील, तर जोडलेला कंट्रोलर काढून गेम पुन्हा सुरू करा.

माऊस नीट बसला की गेम सोपा होतो, हे नक्की. तुमच्या हातात आता ती अचूकता आहे जी शत्रू ठरवताना गृहीत धरलेली नव्हती. अडचणीची पायरी एकने वाढवा: ‘हेलो’त ‘नॉर्मल’ऐवजी ‘हिरोइक’. उलट, कंट्रोलरने खेळताना एम-असिस्ट बंद करून बघू नका. तो फसवणूक नाही, त्या गेमच्या रचनेचाच भाग आहे.

आडोशाआडून लढायच्या, पात्र मागून दिसणाऱ्या शूटरमध्ये कंट्रोलर बऱ्याचदा जास्त बरा पडतो. चालण्याचा वेग स्टिकने हवा तितका ठेवता येतो, कीबोर्डवर चालणं आणि धावणं याच्या मधलं काही नसतं. दोन्हींचं चांगलं हवं असेल तर प्लेस्टेशनचा किंवा स्विचचा कंट्रोलर स्टीम इनपुटमधून लावा आणि जायरो (कंट्रोलर किती कलला ते ओळखणारा सेन्सर) चालू करा: मोठं वळण स्टिकने, बारीक नेम हात किंचित कलवून. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये जायरो नसतो. स्टीममध्ये जायरोला ‘माऊस’ म्हणून ठेवा आणि तो फक्त नेम धरायचं बटण दाबलेलं असताना चालू राहील असं करा. पडद्यावरची चिन्हं कीबोर्ड आणि कंट्रोलर यांच्यात सारखी उलटसुलट होऊ लागली, तर तो गेम दोन्ही इनपुट एकत्र घेत नाही. तिथे जायरोला ‘जॉयस्टिक’ करा, अचूकता थोडी घटेल.

जुने गेम घेताना आवृत्ती नीट निवडा. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’चा मूळ खेळ हवा असेल तर २००७ चा नव्हे, २०१४ चा ‘अल्टिमेट एचडी’ घ्या. त्यात ६० फ्रेम आणि माऊस दोन्ही आहेत. ‘हेलो’साठी २००३ ची डिस्क शोधत बसू नका, ‘मास्टर चीफ कलेक्शन’मध्ये तोच गेम रुंद कोनासह मिळतो. ‘गिअर्स’चा पहिला भाग हवा असेल तर २०२५ चा ‘रीलोडेड’. निन्टेंडो ६४ वरचा ‘टुरोक’ २०१५ च्या नव्या पीसी आवृत्तीत घ्या. आणि कुठलाही घेतलात तरी सेटिंगच्या बदललेल्या फाईलींची एक प्रत गेमच्या फोल्डरबाहेर ठेवा, कारण स्टीमने फाईली तपासून दुरुस्त केल्या किंवा मोठा पॅच आला की केलेले बदल बहुधा पुसले जातात.